कुंपण मोडले ती रात्र : ट्रिंग ते बर्कमस्टेड

लंडनच्या वायव्येस सुमारे तीस मैलांवर ट्रिंग नावाचे रेल्वेस्थानक आहे. तेथे सकाळी उतरावे, चिल्टर्न टेकड्यांवरील वनातून चालत जावे आणि सायंकाळी बर्कमस्टेड येथे परतीची गाडी धरावी, असा एका दिवसाचा पायी प्रवास आहे. अंतर आठ-दहा मैलांहून अधिक नाही. आज येथे कोणीही निर्धास्तपणे हिंडतो; परंतु या निर्धास्तपणाला इतिहास आहे, आणि तो वनश्रीइतका सौम्य नाही.

पहिले गाव ऑल्डबरी. मध्यभागी तळे, भोवती जुनी घरे, पलीकडे दगडी चर्च. तळ्याच्या काठी अपराध्यांचे पाय अडकविण्याचा लाकडी खोडा आणि फटके मारण्याचा खांब अद्याप जपून ठेवलेला आहे. चित्रासारखे गाव, असे पाहणारा म्हणतो; पण चित्रात भूक दिसत नाही. १८९१ च्या डिसेंबरात याच परिसरात रात्री चोरून शिकार करणाऱ्यांशी झालेल्या झटापटीत जमीनदाराचे दोन रखवालदार ठार झाले, आणि त्यापायी दोघांना फाशी झाली. त्यानंतर लवकरच गावाजवळच्या ‘स्टॉक्स’ या घरात राहावयास आलेल्या कादंबरीकर्त्री मिसेस हम्फ्री वॉर्ड यांनी १८९४ साली प्रसिद्ध झालेल्या ‘मार्सेला’ या कादंबरीत हा प्रसंग उपयोगात आणला.

गावामागील चढ चढून गेले की एक उंच दगडी स्तंभ दृष्टीस पडतो. मँचेस्टरला कोळसा नेण्यासाठी कालवा खोदविणारा ब्रिजवॉटरचा तिसरा ड्यूक याच्या स्मरणार्थ तो १८३२ साली उभारला गेला. येथून ॲशरिजचे विस्तीर्ण वन सुरू होते. तेराव्या शतकात येथे मठ होता. आठव्या हेन्रीने तो खालसा केला, आणि त्याची कन्या एलिझाबेथ हिला १५५४ साली राजद्रोहाच्या संशयावरून येथूनच लंडनला नेण्यात आले.

परंतु राजकन्येपेक्षा येथील वृक्षच अधिक सांगतात. फ्रिथ्सडेनजवळचे वयोवृद्ध बीच वृक्ष माणसाच्या डोक्याच्या वर पुन्हा पुन्हा छाटलेले दिसतात. खाली गुरे चरत, म्हणून नव्या फुटीला त्यांचे तोंड पोहोचू नये एवढ्या उंचीवर छाटणी होई. सरपण वरून आणि चारा खालून. जमिनीचा धनी एक आणि तिच्यावर जगणारे अनेक, अशी ही व्यवस्था होती. आपल्याकडील गायरानाशी तिचे साम्य आहे, मात्र तेथे त्या जमिनीची मालकी बहुधा जमीनदाराकडेच असे. १२३५ च्या मर्टनच्या कायद्याने त्याला एक मोठी सवलत दिली होती : हक्कदारांना पुरेसे कुरण राखून उरलेले त्याने खुशाल घेरावे. पुरेसे म्हणजे किती, याचा निर्णय बहुधा कुंपण पडल्यानंतरच होई, आणि गरिबाला न्यायालयाची पायरी परवडत नसे.

१८६६ च्या प्रारंभी ॲशरिजचे धनी अर्ल ब्राउनलो यांच्या वतीने बर्कमस्टेडच्या सार्वजनिक माळाचे ४३४ एकर पाच फूट उंचीच्या लोखंडी कुंपणाने घेरले गेले. पार्लमेंटचे माजी सभासद ऑगस्टस स्मिथ यांचे या माळावर हक्क होते. आदल्याच वर्षी स्थापन झालेल्या माळरान-संरक्षक मंडळीच्या सल्ल्याने त्यांनी वेगळाच मार्ग पत्करला : फिर्याद करावयाची नाही, कुंपणच काढावयाचे, मग फिर्यादीचा भार जमीनदारावर पडेल. ६ मार्चच्या रात्री सुमारे १२० मजूर यूस्टनहून खास गाडीने निघाले. मंडळीचे संस्थापक शॉ-लेफेव्हर यांनी लिहून ठेवलेल्या वृत्तांताप्रमाणे, ज्यांनी टोळी न्यावयाची तेच ऐन वेळी मद्याच्या अंमलाखाली होते, आणि अखेर वकिलाच्या एका कारकुनावर पुढारपण आले. ट्रिंगला उतरून हे लोक चांदण्यात चालत माळावर गेले, आणि उजाडेपर्यंत दोन मैलांचे कुंपण उखडून त्याच्या पट्ट्या त्यांनी रचून ठेवल्या. नासधूस नव्हे, केवळ अडथळा दूर केला, हे न्यायालयात दाखविता यावे म्हणून ही शिस्त होती! सकाळी गावकरी पायी आणि गाड्यांतून माळावर लोटले, आणि माळ आपला आहे याची खूण म्हणून काटेरी गॉर्सच्या डहाळ्या तोडून घरी घेऊन गेले.

खटला चार वर्षे चालला. १८७० साली लॉर्ड रोमिली यांनी स्मिथ यांच्या बाजूने निकाल दिला. येथे एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. सर्वसामान्य माणसाने त्या माळावर हिंडावे हा हक्क त्या निकालाने मान्य केलेला नव्हता. न्यायालयाने पाहिले ते हक्कदारांचे चराईचे आणि झुडपे कापण्याचे जुने अधिकार. शहरातून हवा खावयास येणारा मनुष्य त्यानंतर कितीतरी वर्षे दुसऱ्याच्या गाईच्या आणि सरपणाच्या पुण्याईवर तेथे चालत होता. इंग्लंड-वेल्समधील नोंदलेल्या सर्व सार्वजनिक माळांवर पायी हिंडण्याचा स्वतंत्र अधिकार पार्लमेंटने कायद्यात लिहिला तो २००० साली. दरम्यान १९२६ साली ॲशरिजच्या वनाचा मोठा भाग नॅशनल ट्रस्टने घेतला होता. त्या ट्रस्टचे एक संस्थापक सर रॉबर्ट हंटर हे पूर्वी याच माळरान-संरक्षक मंडळीचे वकील होते.

माळ उतरला की बर्कमस्टेडचा किल्ला येतो. १०६६ साली सॅक्सन सरदारांनी नॉर्मन विल्यमपुढे शरणागती पत्करली ती याच गावी. आता खंदक आणि पडक्या भिंती उरल्या आहेत. १८३० नंतरच्या दशकात लोहमार्ग आखताना किल्ल्याच्या बाहेरील तटबंदीचा काही भाग कापला गेला. त्यामुळे स्थानक अगदी खंदकाला लागून आहे, आणि लंडनच्या गाडीची वाट पाहणाऱ्यास किल्ला फलाटावरूनच दिसतो.