लेखणीचा नेम आणि देहाचा नेम



अडतीस वर्षें मुलांकडून रोज दहा ओळी शुद्धलेखन लिहवून घेण्याचें काम मीं केलें. जो मुलगा एके दिवशीं पन्नास ओळी लिहून आणी आणि पुढचे चार दिवस कोरी वही दाखवी, त्याला माझ्याकडून कधीं शाबासकी मिळाली नाहीं. हा नियम मुलांना सांगणें सोपें होतें. तो स्वतःस लावण्याची पाळी निवृत्तीनंतर आली. आमच्या गांवाचा इतिहास लिहावयाचा म्हणून मीं रोज चार पानें लिहिण्याचा नेम धरला. नेम एक दिवसही चुकला नाहीं. पण वर्षाच्या आंत झोप उडाली, मान आंखडली, आणि घरांतल्या माणसांशीं दोन शब्द बोलणें म्हणजेही काळाचा अपव्यय वाटूं लागला. अखेर पत्नीनेंच एकदां विचारलें, "पुस्तक पुरें होईल हो, पण तें होईतों तुम्ही धड राहाल ना?" मला उत्तर देतां आलें नाहीं. तें शोधण्यासाठीं मी आपल्या मराठी लेखकांच्या इतिहासाकडे वळलों. तेथें जें हातीं लागलें, तें आज आपणांपुढें ठेवतों.

आपल्या अर्वाचीन गद्याचा पाया ज्या पिढीनें घातला, तिच्या आयुष्याचे आंकडे मांडले तर मन विषण्ण होतें. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनीं १८७४ सालीं 'निबंधमाला' सुरू केली आणि सात वर्षांत तिचे ८४ अंक काढले. त्यांतील मजकूर जवळजवळ सर्व त्यांच्या एकट्याच्या हातचा. आणि त्यांपैकीं बरींच वर्षें सरकारी शाळेंतील नोकरी सांभाळून लिहिलेला. पुढें १८८० सालीं न्यू इंग्लिश स्कूल निघालें, १८८१ सालीं 'केसरी' व 'मराठा' हीं पत्रें निघालीं. आणि १७ मार्च १८८२ रोजीं, वयाच्या बत्तिसाव्या वर्षीं, शास्त्रीबुवा गेले. त्यांच्याच शाळेंतील वामन शिवराम आपटे. शाळा आणि पुढें फर्ग्युसन कॉलेज चालवीत असतांना त्यांनीं १८८४ सालीं इंग्रजी-संस्कृत आणि १८९० सालीं संस्कृत-इंग्रजी असे दोन मोठे कोश सिद्ध केले. १८९२ सालीं ते वारले, तेव्हां त्यांनीं पस्तिशीही गांठली नव्हती. तिसरे गोपाळ गणेश आगरकर. १७ जून १८९५ रोजीं त्यांचा अंत झाला. एकुणचाळिसावें वर्षही पुरें झालें नव्हतें.

हे तिघे केवळ लिहिण्यानें गेले, असें म्हणणें इतिहासास धरून होणार नाहीं. त्या काळीं साध्या तापानेंही धडधाकट माणसें दगावत. परंतु रोग दाराशीं आला तेव्हां त्याला तोंड देण्यास देहांत शिल्लक किती होती, हा प्रश्न मात्र विचारल्यावांचून राहवत नाहीं.

या प्रश्नाचा उलगडा करण्यास आगरकर आणि टिळक या जोडीइतकें चांगलें उदाहरण दुसरें नाहीं. दोघांचा जन्म १८५६ च्या जुलैंतला. आगरकरांचा १४ तारखेचा, टिळकांचा २३ तारखेचा. दोघे डेक्कन कॉलेजांतले, एकाच शाळेचे शिक्षक, एकाच पत्राचे चालक. कोल्हापूर प्रकरणांत १८८२ सालीं दोघांनीं डोंगरीच्या तुरुंगांत बरोबरच १०१ दिवस काढले. तेथेंही आगरकरांचें काम सुटलें नाहीं. शेक्सपिअरच्या 'हॅम्लेट'चें 'विकारविलसित' हें भाषांतर त्यांनीं तेथें हातीं घेतलें होतें. बुद्धि आणि जिद्द यांत कोणीच उणा नव्हता. मग फरक कोठें पडला?

टिळक कॉलेजांत गेले तेव्हां अंगानें किरकोळ होते. त्यांनीं पहिलें वर्ष अभ्यास बाजूस सारून तालीम आणि पोहणें यांस दिलें. एक वर्ष वांयां गेलें असें तेव्हां पुष्कळांस वाटलें असेल. पण त्या वर्षाचें व्याज त्यांना आयुष्यभर मिळालें. १९०८ सालीं सहा वर्षांची शिक्षा होऊन ते मंडालेस गेले, तेव्हां पन्नाशी उलटलेली होती आणि मधुमेह जडलेला होता. तरीही १९१०-११ च्या हिंवाळ्यांत, सुमारें पांच महिन्यांत, त्यांनीं 'गीतारहस्या'चा खर्डा शिसपेनीनें लिहून काढला.

येथें मला थांबावेंसें वाटतें. आगरकरांनीं देहाची हेळसांड केली, असा ठपका त्यांच्यावर ठेवणें अन्यायाचें होईल. टिळकांना एक वर्ष शरीरास देतां आलें, कारण घरीं तेवढा आधार होता. कराडजवळच्या टेंभूचा हा गरीब मुलगा बक्षिसांचे निबंध आणि वर्तमानपत्रांतले लेख लिहून फीचे पैसे उभे करीत होता. त्याला तें वर्ष कोणीं द्यावें? त्यांत दम्याची व्यथा. १८८७ सालीं त्यांनीं 'केसरी' सोडला, १८८८ सालीं 'सुधारक' काढला. गोपाळ कृष्ण गोखल्यांनीं इंग्रजी बाजू उचलली. मराठीचें ओझें आगरकरांवरच राहिलें. दर आठवड्याचा अंक, लोकांचा रोष, आणि आपट्यांच्या मागें फर्ग्युसन कॉलेजचें प्राचार्यपदही. दमा अंकाची तारीख पाहून येत नाहीं.

आणखी एक गोष्ट लक्षांत घेण्याजोगी आहे. टिळक १८९७ सालीं तुरुंगांत गेले, १९०८ सालीं पुन्हां गेले; पण 'केसरी' बंद पडला नाहीं. केळकर, खाडिलकर यांच्यासारखे लिहिते हात तयार झाले होते. ज्या कामाला दुसरा हात असतो, त्यांतल्या माणसाला आजारी पडण्याची मुभा असते. एकट्यानें चालविलेल्या कामांत विसावा हाच अपराध ठरतो.

तेव्हां मला सांपडलेलें उत्तर असें: लेखणीचा नेम चांगला, पण तो देहाच्या नेमाच्या पोटांत बसला पाहिजे. झोप, फिरणें, घरच्यांशीं चार शब्द, हीं लिहून उरलेल्या वेळाचीं कामें नव्हेत. लिहिणें त्यांच्यावर उभें आहे. आणि ज्यांना हें साधण्यापुरतीही सवड नसते, अशा लिहित्या माणसांचें ओझें वांटून घेणें, हें भोंवतालच्या आपणां सर्वांचें कर्तव्य आहे. कीर्तीचा वांटा उचलण्यास आपण मागाहून येतों. श्रमाचा वांटा उचलण्यास त्या वेळीं यावयास हवें.

माझ्यापुरतें सांगायचें तर चार पानांचें एक पान झालें आहे. तें सकाळीं होतें. रविवारीं वही उघडत नाहीं. जुनीं कागदपत्रें वाचण्यास एक माजी विद्यार्थी आतां शेजारीं येऊन बसतो. संध्याकाळीं आम्ही दोघें नवराबायको नदीपर्यंत फिरून येतों. इतिहास अजून अर्धाहि झालेला नाहीं, पण पत्नीनें तो प्रश्न पुन्हां विचारलेला नाहीं.