पटाची वाट

पौष सरत आलेला असतो, तूर घरात येऊन पडलेली असते, हरभरा अजून रानात उभा असतो. अशा दिवसांत भोकरदनहून धाडमार्गे बुलढाण्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर पहाटेच्या धुक्यात एखादी पिकअप गाडी पुढे जाताना दिसते. हौद्यात भुशाचा जाड थर, त्यावर अंगावर झूल घातलेले दोन बैल, वर आडव्या बांधलेल्या बल्ल्यांवर दोरखंडाने आवळलेला हलका छकडा. मागे मोटारसायकलवर कान-तोंड बांधून बसलेले दोघे-तिघे. बाजाराला निघालेले जनावर आणि हे जनावर यांतला फरक गावातल्या लहान पोरालाही सांगता येतो. विकायच्या बैलाला कोणी झूल घालून पाठवत नाही. ही मंडळी पटाला निघालेली असतात.

शंकरपटाविषयी आजवर जे लिहिले गेले ते बहुतेक धावपट्टीविषयी. कोणत्या जोडीने किती सेकंदांत अंतर कापले, बक्षीस कोणी पटकावले, न्यायालय काय म्हणाले. आम्हांला मात्र वाटत आले आहे की पटाचा खरा इतिहास हा धावेचा नसून वाटेचा आहे. धाव काही सेकंदांची. कुठे दोन जोड्या शेजारशेजारच्या दाणींतून सुटतात, तर कुठे एकच जोडी घड्याळाशी झगडते आणि सेकंदाच्या शंभराव्या भागावर निकाल लागतो. त्या काही सेकंदांसाठी माणसे रात्ररात्र प्रवास करतात, आणि तोही एकदा नव्हे. सुगी आटोपल्यापासून उन्हाळ्याचा कडाका सुरू होईपर्यंत, या गावाहून त्या गावाला. पटाचा हंगाम म्हणजे मुख्यतः हा प्रवास.

जिच्यावाचून हा प्रवास समजत नाही ती गोष्ट म्हणजे ‘हौस’. मराठीत आपण ‘हौशी’ हा शब्द धंदेवाईकाच्या विरुद्ध वापरतो, तोही थोड्या कमीपणाने. हौशी नाटक म्हणजे कच्चे नाटक. पटाच्या भाषेत असे नाही. तिथे हौशी म्हणजे ज्याने बैलाला औताला न जुंपता सांभाळले, त्याच्या खुराकासाठी घरच्यांची बोलणी खाल्ली आणि डिझेलचा हिशेब बायकोपासून लपवला तो. बक्षिसाची रक्कम मिळाली तरी हंगामाचा खर्च निघेलच, अशी खात्री कोणी देत नाही. हा पेच केवळ आपल्याकडचाच नव्हे. इंग्लंड आणि आयर्लंडच्या मधोमध असलेल्या मॅन बेटावर १९२३मध्ये हौशी मोटारसायकलस्वारांसाठी वेगळी शर्यत सुरू झाली. पण हौशी कोणाला म्हणायचे यावरच इतके वाद झाले की १९३०मध्ये तिच्या नावातून तो शब्दच काढून टाकावा लागला. आपल्याकडे अशी व्याख्या करायला कोणी बसले नाही, हे बरेच झाले म्हणायचे.

भोकरदनला प्रवासाचे नावीन्य नाही. केळना नदीकाठचे हे गाव म्हणजे प्राचीन भोगवर्धन. प्रतिष्ठान, म्हणजे आजचे पैठण, आणि उज्जयिनी यांना जोडणाऱ्या व्यापारी मार्गावरचे ते ठाणे होते. सांची आणि भारहूत येथील स्तूपांना दान देणाऱ्यांच्या लेखांत भोगवर्धनच्या लोकांचा उल्लेख आहे. म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वी इथली माणसे नर्मदा ओलांडून थेट माळव्यापर्यंत आणि त्याही पलीकडे जात होती. १९७३च्या सुमारास नागपूर आणि मराठवाडा विद्यापीठांनी इथे उत्खनन केले, तेव्हा हस्तिदंती स्त्रीमूर्तीचा जो खंडित भाग हाती आला, त्याचे साम्य पाँपेईच्या राखेखाली सापडलेल्या हस्तिदंती मूर्तीशी दाखवले जाते. ती मूर्ती रोमन जगात पोहोचली ती समुद्रमार्गे. पण बंदरापर्यंतच्या खुष्कीच्या वाटेवर ओझी वाहायला बैलच होते. त्या काळी शर्यती होत्या असे मात्र आम्ही म्हणत नाही; एवढ्याशा धाग्यावर परंपरा विणण्याचा मोह पटाच्या अनेक समर्थकांना होतो, तो आम्ही आवरता घेतो.

वाटेचा इतिहास खरा बदलला तो मालमोटारींमुळे. चालत्या बैलाची गती तासाला तीन-चार किलोमीटर. दूरच्या गावी बैल चालवत न्यायचा तर वाटेत मुक्काम, पोहोचल्यावर विसावा आणि परतताना पुन्हा तेच. थकलेला बैल पटावर उभा करण्यात अर्थ नसतो. त्यामुळे पायी काळातला पट हा साहजिकच पंचक्रोशीचा पट होता: जोडी ओळखीची, धुरकरी ओळखीचा, हरणाराही सोयरा. आधी ट्रक, मग टेम्पो आणि शेवटी पिकअप आली तशी पंचक्रोशी फुटली. जालना जिल्ह्यातली जोडी संध्याकाळी निघून सकाळी अमरावती जिल्ह्यात उतरू लागली. खुल्या गटात दूरदूरच्या जोड्या येऊ लागल्या, आणि मग स्थानिकांची समजूत काढण्यासाठी ‘गावगट’ वेगळा ठेवावा लागला. स्पर्धेच्या या दोन गटांत प्रवासाचा सगळा इतिहास साठलेला आहे.

बैलही बदलले. मराठवाड्याचे आपले बैल म्हणजे लाल कंधारी आणि देवणी, दोन्ही मेहनतीच्या कामाचे. धावेसाठी माणसे खिल्लार शोधत माणदेशाकडे, खरसुंडी-आटपाडीच्या बाजारांकडे जाऊ लागली, किंवा वर्ध्याकडचा चपळ गवळाऊ आणू लागली.

पश्चिम महाराष्ट्राकडे वळले की हाच खेळ ओळखू येत नाही इतका वेगळा होतो. खेड-जुन्नर-आंबेगावकडे त्याला घाट लागतो आणि बैलांच्या पुढे घोडी पळते. साताऱ्याकडे पुसेगावला सेवागिरी महाराजांच्या यात्रेत मैदान मारणाऱ्या जोडीला ‘हिंदकेसरी’ म्हणतात. कुस्तीची पदवी बैलाच्या गळ्यात. अलिबागकडे शर्यत समुद्राच्या पुळणीवर होते.

साहित्याच्या विद्यार्थ्यांनी मुद्दाम पाहावा असा पट मात्र पूर्वेकडचा, भंडारा-गोंदिया-गडचिरोली-चंद्रपूरचा. तिथे दिवसा पट आणि रात्री नाटक. दिवाळीपासून होळीपर्यंत झाडीपट्टीच्या नाटक मंडळ्या वडसा-देसाईगंजहून निघून गावोगाव फिरतात. शेतात मंडप पडतो, प्रयोग रात्री उशिरा सुरू होऊन पहाटेपर्यंत चालतो. पटासाठी दुरून आलेला पाहुणा रात्री जाणार कुठे? तो नाटकाला बसतो. मराठी रंगभूमीचे इतिहास पुण्या-मुंबईच्या नाट्यगृहांची अर्थव्यवस्था तपशिलाने सांगतात. इथे मात्र प्रेक्षागृह भरण्याचे काम कित्येक गावांत बैलांनी केले आहे. २०२३मध्ये झाडीपट्टीचे कलावंत परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली तेव्हा या रंगभूमीची नोंद शहरांनी घेतली. बैलांची घेतली नाही. असो.

मग वाट अडली. ११ जुलै २०११ रोजी केंद्राने प्रदर्शन आणि खेळांसाठी वापरण्यास मनाई असलेल्या प्राण्यांच्या यादीत बैलाचे नाव घातले. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जल्लिकट्टूबरोबर महाराष्ट्रातील शर्यतीही थांबवल्या. बैलाची शरीररचना ओझे ओढण्याची आहे, धावण्याची नव्हे, हा त्या निकालातील एक प्रमुख मुद्दा. ज्याने पट जवळून पाहिला आहे त्याला हा निकाल झटकून टाकता येत नाही. टोकदार खिळा लावलेली काठी, पिरगाळलेली शेपटी, मैदानाच्या टोकाला तोंडाला फेस आलेला बैल हे आम्हीही पाहिले आहे, आणि हौसेच्या कौतुकात ते दडवणे अप्रामाणिकपणाचे होईल.

परंतु निकालानंतरचा एक भाग फारसा सांगितला जात नाही. मार्च २०१५मध्ये महाराष्ट्रात बैलांच्या कत्तलीवर बंदी आली आणि संशयित वाहने अडवून तपासण्याचे अधिकार पोलिसांना मिळाले. तेव्हापासून रात्री गाडीत बैल असणे हीच संशयाची गोष्ट झाली. जनावर प्रवासास योग्य असल्याचा पशुवैद्यकाचा दाखला १९७८च्या नियमांनुसार पूर्वीही लागत होता. आता तो उशाशी घेऊन झोपण्याची पाळी आली. शर्यत बंद, आणि नुसते सोयऱ्याकडे बैल न्यायचे तरी चौकाचौकांत जबाब. २०१७मध्ये राज्याने कायदा दुरुस्त केला, तर त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने शर्यतींना परवानगी देण्यास मनाई केली. १६ डिसेंबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती वाट मोकळी केली. मधली साडेसात वर्षे गेली. बैलाच्या धावेची उमेद असतेच मुळी थोडी वर्षे. म्हणजे बैलांची एक अख्खी पिढी पट न पाहताच म्हातारी झाली. ज्यांनी ती तरीही पोसली त्यांच्या हौसेला काय म्हणावे, हे आम्हांला ठरवता आलेले नाही.

पुन्हा सुरू झालेला हंगाम जेमतेम एक उलटतो न उलटतो तोच सप्टेंबर २०२२मध्ये लम्पी आला. राज्यभर गोवंशाची वाहतूक, बाजार आणि शर्यती थांबल्या. या वेळी न्यायालय नव्हते, याचिका नव्हती. गाठी आलेली जनावरे गोठ्यात उभी होती आणि शेजाऱ्याचा बैल अंगणात येऊ नये म्हणून लोक दावी आवळत होते. १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने राज्यांच्या दुरुस्त्या वैध ठरवल्या, तेव्हा तो निकाल गोठ्यांत जरा शांतपणेच ऐकला गेला.

हा सगळा इतिहास ज्या कागदांत आहे ते कागद आम्हांला विचार करायला लावतात. न्यायालयाच्या कागदांत बैलाची वेदना आहे. ती असायलाच हवी. पटाच्या पत्रकांत बक्षिसे आहेत: रोख रक्कम, ट्रॅक्टर, मोटारसायकल. मराठी कादंबरीत औताचा बैल आहे, पोळ्याचा आहे, कर्जापायी विकलेला तर आहेच आहे. सदानंद देशमुखांच्या ‘बारोमास’ने याच शेजारच्या मुलखातल्या शेतकऱ्याची दैना मांडली आणि २००४चा साहित्य अकादमी पुरस्कार तिला मिळाला. मात्र दैनेच्या मधोमध, परवडत नसतानाही, जोडी गाडीत घालून परगावी निघालेला माणूस आमच्या वाचनात फार क्वचित आला. दुःखी शेतकरी लिहिणे आपल्याला जमले आहे; हौशी शेतकरी लिहिताना आपली लेखणी बिचकते, कारण तो आपल्या सहानुभूतीत मावत नाही.

आता समृद्धी महामार्ग जालन्याजवळून जातो. डिसेंबर २०२२मध्ये नागपूर ते शिर्डी हा टप्पा खुला झाला आणि विदर्भातले पट काही तासांवर आले. त्या मार्गावर दुचाकीला मात्र बंदी आहे. बक्षिसात मोटारसायकल जिंकणाऱ्याला ती बैलांशेजारी उभी करून, मध्ये गोणपाटे कोंबून घरी आणावी लागते. आणि रात्रीच्या थंडीत बैल तिच्या सीटवर मान टेकवून उभा राहतो, असे ऐकण्यात येते.

भोकरदन तालुक्यातल्या एका घरी आम्हांला अशा पत्रकांचा गठ्ठा पाहायला मिळाला. गुलाबी, पिवळी, हिरवी कागदे. वर शंकराचे किंवा मारुतीचे चित्र, खाली गट, प्रवेश फी, ‘बैलांच्या चारा-पाण्याची सोय केली आहे’ ही ओळ. मालकाने ती बक्षिसांसाठी ठेवलेली नव्हती. त्याच्या जोडीला फारशी बक्षिसे मिळालीच नाहीत. पत्रकांच्या कोऱ्या पाठीवर पेन्सिलने टिपणे होती. निघण्याची वेळ, डिझेल, मेहकरला चहा, पंक्चर, बैलांना पाणी पाजले ते ठिकाण, जोडीचा वेळ सेकंदांत, परत पोहोचल्याची वेळ. शेवटचे पत्रक २०१४चे होते आणि त्याची पाठ कोरी होती. त्यानंतरचे थेट २०२२चे, आणि त्यावरची टिपणे दुसऱ्या हस्ताक्षरात होती.