बराकीचा पत्ता, मैदानाची खूण

उल्हासनगरच्या पत्त्यांत अजूनही ‘बॅरेक नंबर’ असतो. दुसऱ्या महायुद्धात इथे लष्कराची कल्याण छावणी होती. फाळणीनंतर सिंधमधून आलेले निर्वासित तिच्याच बराकींत राहिले. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांच्या हस्ते कोनशिला बसली आणि छावणीचे उल्हासनगर झाले. कुटुंबे वाढली तशी बराकीला पडवी लागली, पडवीवर माळा चढला. परवानगी कोण कोणाला मागणार?

१९६६ च्या नगररचना कायद्याने मागण्याची रीत घालून दिली. आराखड्यात किरकोळ फेरबदल हवा तर कलम ३७: सूचना छापायची, महिनाभर हरकती घ्यायच्या, मग सरकारची मंजुरी. नकाशा, इमारत, अर्ज, मंजुरी, हरकत हे सारे शब्द अरबी-फारसीतून आले आणि विनापरवाना मराठीचे झाले, हे जाता जाता.

उल्हासनगरात मात्र इमारत आधी, अर्ज मागून. उच्च न्यायालयापुढे ८५५ बेकायदा इमारती पाडण्याचा प्रश्न आला, तेव्हा २००६ मध्ये विधिमंडळाने या एका शहरापुरता कायदा करून बांधकामे नियमित करण्याची वाट काढली. एकदा उखडलेल्यांना पुन्हा उखडू नये, हे मला पटते. पण मोकळी जागा एकदा गेली की कोणताही कायदा ती परत आणत नाही.

अंबरनाथ-बदलापूरला अजून थोडी मैदाने आहेत. कलम ३७ ची सूचना वर्तमानपत्राच्या कोपऱ्यात बारीक टायपात येते. मैदानाचे आरक्षण तिथेच उठते. मी ती वाचतो. हरकत घ्यायला जमिनीचा मालक असावे लागत नाही.