हेडर : चकाकीपेक्षा जाडी महत्त्वाची

इंजिनात जळालेला वायू सर्वप्रथम ज्या भागात येतो, तो एक्झॉस्ट मॅनिफोल्ड बऱ्याच मोटारींत ओतीव बिडाचा असतो. जड, पण दणकट. त्याऐवजी बाजारातून घेऊन बसविल्या जाणाऱ्या ‘हेडर’मध्ये प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र पोलादी नळी असते. वायूचा मार्ग मोकळा होऊन शक्ती थोडी वाढते. मात्र नळीची भिंत बिडापेक्षा कितीतरी पातळ असल्याने तिच्या आयुष्याचा प्रश्न उभा राहतो.

स्वस्त हेडर साध्या पोलादाचे असतात. त्यांवरील काळा रंग उष्णतेने लवकरच जळतो आणि गंज धरतो. आतून-बाहेरून सिरॅमिक लेप दिल्यास तेच पोलाद बरेच अधिक टिकते.

स्टेनलेसमध्ये दोन प्रकार प्रामुख्याने आढळतात. ‘४०९’मध्ये सुमारे ११ टक्के क्रोमियम असते. त्यावर वरवरचा तांबूस गंज दिसतो व लोहचुंबकही चिकटते, म्हणून ग्राहक त्यास नकली समजतात. हा गैरसमज होय. मोटार कंपन्या स्वतः एक्झॉस्टसाठी हेच पोलाद मोठ्या प्रमाणावर वापरतात. ‘३०४’मध्ये १८ टक्के क्रोमियम व ८ टक्के निकेल असते. ते गंजाला सहसा दाद देत नाही, परंतु तापल्यावर साध्या पोलादाच्या जवळजवळ दीडपट प्रसरण पावते. नळी पातळ आणि सांधे ताठर असतील, तर चकचकीत ‘३०४’ही वेल्डिंगपाशी तडकते. महाग म्हणजे टिकाऊ, असे समीकरण येथे चालत नाही.

म्हणूनच धातूच्या नावाआधी जाडी विचारावी. १८ गेजची नळी सुमारे १.२ मिलिमीटर, तर १६ गेजची १.६ मिलिमीटर भरते. रोजच्या वापराला दुसरी बरी. इंजिनाला टेकणारी फ्लँज १० मिलिमीटरच्या आसपास असावी. पातळ फ्लँज वाकते आणि गॅस्केट फुंकले जाते. टॉर्च लावून नळीच्या आतही पाहावे. स्टेनलेसचा सांधा आतून काळा व साखरेच्या दाण्यांसारखा खरखरीत दिसला, तर वेल्डिंग करताना आतून आर्गॉन वायू सोडण्याचे कष्ट घेतलेले नाहीत, असे समजावे.

उष्णतारोधक पट्टी गुंडाळण्याची हौस साध्या पोलादाला घातक ठरते. पट्टीत ओल साठते. कोकणच्या दमट, खारट हवेत तर गंज अधिकच फोफावतो.

तडा गेलेला हेडर केवळ आवाज करीत नाही. फटीतून हवा आत शिरून ऑक्सिजन सेन्सर फसतो व इंधन वाढीव जळते. विषारी कार्बन मोनॉक्साइड केबिनपर्यंत पोहोचू शकतो.

भारतात १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस-६ निकषांच्या अनेक पेट्रोल मोटारींत कॅटॅलिटिक कन्व्हर्टर मॅनिफोल्डलाच जोडलेला असतो. अशा मोटारीत हेडर बसविताना तोही निघाला, तर तो मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार बेकायदा बदल ठरतो, मग पोलाद कितीही उत्तम असो.