बर्फाचें ओझें आणि घराचें छप्पर

छपराची खरी परीक्षा पाऊस घेतो, अशी महाराष्ट्रांतील गृहस्थाची समजूत असते. आणि कोंकणांत मृगापूर्वीं शाकारणीची जी धांदल उडते ती पाहतां ही समजूत खोटीहि म्हणवत नाहीं. पण पाऊस कितीहि मुसळधार असला तरी तो घटकेचा पाहुणा. पाख्यावर पडला, पागोळ्यांनीं उतरला आणि अंगणांतून वाहून गेला. बर्फ येतो तो मुक्कामाला येतो. थंड देशांत एकदां पडलेला बर्फ आठवडेच्या आठवडे छपरावर बसून राहतो; दबतो, भिजतो, पुन्हां गोठतो, आणि त्यावर नव्याची भर पडते. ताजा भुसभुशीत बर्फ एका घनमीटरास ५० ते १०० किलो भरतो. तोच दबून जुना झाला म्हणजे २०० ते ३०० किलो होतो, आणि निखळ गोठलेल्या बर्फाचें वजन ९०० च्या वर जातें. थराची जाडी तेवढीच दिसत असतां ओझें तिप्पट झालेलें असतें, आणि खालून पाहणाऱ्यास त्याचा पत्ता लागत नाहीं.

याची किंमत वॉशिंग्टन शहरानें १९२२ सालीं मोजली. जानेवारीच्या २७ व २८ या तारखांस तेथें सुमारें २८ इंच बर्फ पडला. २८ तारखेस, शनिवारीं रात्रीं, निकरबॉकर नांवाच्या चित्रपटगृहांत खेळ चालू असतां त्याचें सपाट छप्पर प्रेक्षकांवर कोसळलें. ९८ माणसें मेलीं, १३३ जखमी झालीं. पुढें चौकशा झाल्या व बोट बांधणीकडे वळलें, पण शिक्षा कोणासच झाली नाहीं. इमारतीचा शिल्पज्ञ रेजिनाल्ड गीअर यानें १९२७ सालीं आत्महत्या केली. दैवयोग असा कीं पोलंडांतील काटोविट्से येथील प्रदर्शनगृहाचें छप्पर बर्फाच्या भारानें खचून ६५ माणसें दगावलीं, ती तारीखहि २८ जानेवारीच, साल २००६. मधल्या चौऱ्याऐंशी वर्षांत गणितशास्त्र पुष्कळ पुढें गेलें होतें. पण तेथें छपरावरचा बर्फ वेळीं उतरविला गेला नव्हता.

जुन्या लोकांपाशीं हीं गणितें नव्हतीं, तरी त्यांचीं घरें उभीं राहत. काश्मीरांत फळ्यांवर भूर्जाच्या सालीचे थर अंथरून त्यांवर माती पसरीत. सालीनें पाणी अडवावें आणि मातीनें साल दाबून धरावी. वसंतांत या छपरांवर गवत माजे, फुलेंहि उमलत. गंमत अशी कीं नॉर्वेतील शेतकरीहि शतकानुशतकें हेंच करीत आला : खालीं भूर्जाची साल, वर हिरवळीचीं ढेंपळें. ज्या सालीवर काश्मिरी पंडितांनीं पोथ्या लिहिल्या, तिच्याच खालीं दोन दूरच्या देशांतले लोक निजत होते. अशा छपरावरचा बर्फ काढून टाकण्याची घाई नसे. थंडींत तोच घराची गोधडी होई.

परंतु घर आंतून ऊबदार झालें म्हणजे या गोधडीखालीं एक विलक्षण प्रकार सुरू होतो. खोल्यांतली ऊब फटींतून माळ्यावर चढते व पाखें तापवते. बर्फाचा तळचा थर वितळतो आणि पाणी वरच्या बर्फाच्या आड लपून वळचणीकडे निघतें. वळचण मात्र भिंतीच्या बाहेर आलेली. तिच्याखालीं ऊब नाहीं, बाहेरचा कडाका आहे. तेथें पोंचतांच पाणी गोठतें. दिवसेंदिवस त्याचा कांठ उंचावतो आणि शेताच्या बांधासारखा बर्फाचा बांध तयार होतो. मागून येणारें पाणी त्यामागें तुंबतें व कौलांच्या अथवा पाट्यांच्या सांध्यांतून उलटें वर चढून आंत झिरपतें. उतरत्या छपराची सारी रचना पाणी खालीं वाहील या भरंवशावर केलेली असते. तें उभें राहिलें कीं चांगलें छप्परहि गळतें. बाहेरून हें दृश्य मोठें मनोहर दिसतें. वळचणीला लोंबणाऱ्या बर्फाच्या लांबच लांब सुळ्यांचीं चित्रें नाताळाच्या भेटपत्रांवर छापतात. त्या घरांतील भिंतींना ओल आली आहे, हें चित्रांत येत नाहीं.

स्वित्झर्लंडांतील दाव्होस गांवीं या अडचणीवर जो तोडगा निघाला, तो प्रथमदर्शनीं वेडगळ वाटावा असा आहे. क्षयरोग्यांच्या आरोग्यभवनांसाठीं हें गांव प्रसिद्ध. टोमास मान याच्या १९२४ च्या कादंबरीनें तें साहित्यांतहि अमर झालें. उतरत्या छपरांवरून बर्फाचे ढीग व सुळे खालीं कोसळत, आणि रस्त्यानें जाणाऱ्यांच्या जिवाशीं गांठ पडे. तेव्हां रुडॉल्फ गाबेरेल या शिल्पज्ञानें व त्याच्या समकालीनांनीं छप्पर सपाटच करून टाकलें. नव्हे, त्याला किंचित् आंत उतार दिला. पाण्याचा नळ भिंतीबाहेर न ठेवतां घराच्या पोटांतून, ऊबदार खोल्यांमधून, खालीं नेला. वितळलेल्या पाण्याची थंड वळचणीशीं गांठच पडत नाहीं. मग बांध कोठून होणार? बर्फ वर स्वस्थ पडून राहतो. अर्थात् त्याचें ओझें पेलण्याइतकें छप्पर भक्कम पाहिजे, हें निराळें सांगावयास नको.

अमेरिकेच्या ईशान्य भागांत लोकांनीं उतरतें छप्पर सोडलें नाहीं. कोणी वळचणीवर पत्र्याची रुंद पट्टी ठोकीत, कोणी लांब दांड्याच्या खोऱ्यानें जमिनीवरूनच बर्फ ओढीत. बॉस्टन शहरांत २०१४-१५ च्या मोसमांत ११० इंचांहून अधिक बर्फ पडला, तेव्हां तर बायकांचे जुने लांब मोजे कॅल्शियम क्लोराइडनें भरून वळचणीवर आडवे टाकण्याची टूम निघाली. मोजा पडे तेथें बांधाला खिंड पडे व पाणी सुटे. हे सारे उपाय रोग झाल्यावरचे. मुळावर घाव घातला तो हॅनोव्हर गांवच्या लष्करी प्रयोगशाळेनें. १९६१ सालीं स्थापन झालेल्या या संस्थेनें न्यू यॉर्क संस्थानांतील फोर्ट ड्रम छावणीच्या घरांवर मोजमापें घेतलीं. बाहेरची हवा २२ अंश फॅरनहाइट असतां माळ्याची हवा ३० अंशांच्या आंत ठेवली तर त्रासदायक बांध होत नाहीं, असें तिला आढळलें. म्हणजे माळ्याखालच्या फटी बुजवावयाच्या, ऊब खोल्यांतच कोंडावयाची आणि वळचणीपासून आढ्यापर्यंत वारा खेळता ठेवावयाचा. घर उबदार, छप्पर थंड.

जपानांत हा प्रश्न अधिक करुण आहे. शिराकावा खोऱ्यांतील ओगिमाची गांवचीं गवती घरें १९९५ सालीं जागतिक वारशांत गणलीं गेलीं. त्यांचीं पाखीं जोडलेल्या हातांप्रमाणें सुमारें ६० अंशांत उभीं असतात. छपराच्या सांगाड्यांत खिळा नाहीं. तो दोरांनीं आवळलेला असतो. आढीं बहुधा दक्षिणोत्तर, म्हणजे दोन्ही पाख्यांना ऊन सारखें मिळावें. चुलाण्याचा धूर वर जाऊन गवत व लांकूड किडीपासून राखी, आणि माळ्यावर रेशमाचे किडे पोसले जात. पाखें शाकारावयाचें असलें कीं सारा गांव लोटे. या परस्परसाहाय्यास ‘युइ’ म्हणतात. शंभर-दोनशें माणसें एका दिवसांत एक पाखें पुरें करीत.

पण तरुण माणसें शहरांकडे गेलीं आणि बर्फाळ प्रांतांतील खेड्यांत म्हाताऱ्यांवरच खोरें हातांत घेण्याची पाळी आली. २००५-०६ च्या हिवाळ्यांत त्या देशांत बर्फामुळें १५२ माणसें मेलीं. त्यांत बहुसंख्य वृद्ध होते, आणि पुष्कळजण बर्फ उपसतांनाच गेले. होक्काइदो बेटावरील साप्पोरो शहरांत आतां पुष्कळ घरांचीं छपरें जवळजवळ सपाट दिसतात. दोन्ही बाजूंचा मंद उतार मधल्या पन्हळींत येतो, आणि नळ दाव्होसप्रमाणेंच घराच्या आंतून खालीं उतरतो. तेथील म्हाताऱ्या घरधन्यास हिवाळ्यांत छपरावर चढावें लागत नाहीं. पन्हळींत अडकलेला पालापाचोळा काढून टाकावयाचें काम तेवढें असतें, आणि तें बर्फ पडण्यापूर्वीं, शरदांतच, उरकतां येतें.