स्निग्ध पटलांतील स्फटिक

मॅक्स पेरुट्झ व जॉन केंड्रू यांना १९६२ मध्यें रसायनशास्त्राचें नोबेल पारितोषिक मिळालें, तेव्हां रक्तांतील हिमोग्लोबिन आणि स्नायूंतील मायोग्लोबिन या दोन प्रथिनांची घडण क्षकिरणांच्या साहाय्यानें उलगडली होती. रीत कळली होती. आतां एकामागून एक सर्व प्रथिनें स्फटिकरूपानें मिळवावीं आणि त्यांचीं चित्रें काढावीं, एवढेंच काम उरलें, असें कोणासहि वाटावें. पण प्रथिनांच्या एका मोठ्या वर्गानें ही आशा पुढें जवळ जवळ वीस वर्षें फोल ठरविली. त्या वर्गाची आणि त्याला अखेर वश करणाऱ्या स्निग्ध द्रव्यांची हकीकत आम्ही आज वाचकांपुढें ठेवीत आहों.

प्रत्येक जीवपेशीभोंवतीं स्निग्ध द्रव्याचें दुपदरी पटल असतें. त्याची जाडी मिलिमीटरच्या सुमारें दोन लाखाव्या भागाइतकीच. पण पेशीचें आंत-बाहेर त्यानेंच ठरतें. या पटलांत रुतून बसलेलीं प्रथिनें म्हणजे पेशीचे द्वारपाल. कोणता क्षार आंत घ्यावा, कोणत्या संप्रेरकाचा निरोप आंत पोंचवावा, हें त्यांच्या हातीं असतें, आणि आज प्रचारांत असलेल्या पुष्कळ औषधांचें कार्य याच द्वारपालांच्या द्वारें होतें. अडचण अशी कीं, या प्रथिनांचें मधलें अंग तेलाशीं सख्य ठेवणारें आणि दोन्ही टोकें पाण्याशीं. पटलांतून उपटून पाण्यांत टाकलीं कीं तीं एकमेकांना बिलगतात व त्यांचा गोळा होतो. आणि स्फटिक म्हणजे तर कवायतीच्या शिपायांसारखी शिस्तीची रांग.

हार्टमुट मिशेल या जर्मन शास्त्रज्ञानें यावर साबणासारख्या द्रव्यांचा तोडगा काढला. अशा द्रव्याचे रेणु प्रथिनाच्या तेलकट अंगाभोंवतीं वेढा घालतात आणि त्याला पाण्यांत विरघळलेलें ठेवतात. मिशेल यांनीं त्यांत लहान रेणूंचें आणखी एक द्रव्य मिसळून तो वेढा आटोपशीर केला, आणि एका जांभळ्या जीवाणूच्या प्रकाशसंश्लेषण-केंद्राचे उत्तम स्फटिक १९८२ मध्यें प्रसिद्ध केले. योहान डायझेनहोफर व रॉबर्ट हूबर यांच्यासह त्यांना १९८८ चें नोबेल पारितोषिक मिळालें. विजय मोठा खरा. तथापि ज्या स्निग्धांत प्रथिनाचा जन्म गेला तें धुऊन टाकणें ही या रीतीची पहिली अट होती, आणि कित्येक नाजूक प्रथिनें त्या धुण्यांतच मोडून पडत.

ही अटच उलटी करून पाहावी, असें बाझेल येथील एहूड लांडाऊ व युर्ग रोझेनबुश यांनीं ठरविलें. प्रथिनाला घराबाहेर काढण्याऐवजीं घरच असें बांधावें कीं, त्यांत राहूनच त्याला रांगेंत उभें राहतां येईल. त्यांनीं निवडलेलें द्रव्य मोनोओलीन. ग्लिसरीन व ओलेइक अम्ल यांच्या संयोगानें होणारा हा पदार्थ खाद्यवस्तूंच्या कारखानदारांना चांगला परिचयाचा आहे. पाण्याबरोबर ठराविक प्रमाणांत घोटला असतां त्याचा दांतांच्या पेस्टीसारखा घट्ट पण पारदर्शक लगदा होतो. वरून पाहतां नुसता चिकटा. आंत मात्र विलक्षण स्थापत्य. एकच अखंड दुपदरी पटल तिन्ही दिशांना वळत जातें आणि त्याच्या दोन्ही अंगांना पाण्याच्या दोन भुयारी वाटा पसरतात. त्या एकमेकींना कधीं मिळत नाहींत. हा नमुना घनाकृति कोठड्यांनीं सर्वत्र तसाच पुन्हा पुन्हा येतो, म्हणून या अवस्थेला ‘क्युबिक’ म्हणतात. स्निग्धांच्या अशा अवस्थांचा अभ्यास व्हित्तोरिओ लुझाती यांनीं पूर्वींच केला होता, आणि मोनोओलीनची रचना स्वीडनमधील कोरे लार्सन यांनीं तपासली होती. लांडाऊ व रोझेनबुश यांनीं खाऱ्या पाण्यांतील एका सूक्ष्मजीवाचें बॅक्टेरिओरोडॉप्सिन नांवाचें जांभळें प्रथिन या लगद्यांत सोडलें, आणि त्याचे स्फटिक तेथेंच वाढले. हा प्रयोग १९९६ मध्यें प्रसिद्ध झाला. पुढच्याच वर्षीं त्या स्फटिकांवरून २.५ अँगस्ट्रॉमपर्यंतचे तपशील दाखविणारें चित्र मिळालें. अँगस्ट्रॉम म्हणजे मिलिमीटरचा कोट्यंश.

तरीहि मोनोओलीन हें आयतें मिळालेलें द्रव्य. या कामासाठीं तें कोणी घडविलें नव्हतें. त्याचा दोष थंडींत दिसे. हिवाळ्यांत तूप थिजतें आणि शेंगदाण्याचें तेल वाहतें राहतें, हा अनुभव घरोघरचा आहे. तेलाच्या कार्बन-साखळींत वांकडा सांधा असतो, त्यामुळें साखळ्या एकमेकींवर नीट रचल्या जात नाहींत. मोनोओलीनच्या १८ कार्बनांच्या साखळींत हा सांधा बरोबर मध्यें, नऊ व नऊ असा आहे. पण सुमारें १८ अंश सेल्सिअसच्या खालीं त्याची क्युबिक अवस्था भरंवशाची राहत नाहीं, आणि नाजूक प्रथिनांना तर गारवाच मानवतो. मार्टिन कॅफ्री व त्यांचे सहकारी यांनीं साखळीची लांबी व सांध्याची जागा बदलून निरनिराळीं द्रव्यें तपासलीं, आणि कोणतें कोणत्या तापमानांत कसें वागतें याचे आलेख तयार केले. या रुक्ष आलेखांचें मोल आम्हांस कोणत्याहि एका स्फटिकाहून अधिक वाटतें. कारण त्यांच्यामुळेंच हवें तें द्रव्य आधीं कागदावर आंखतां आलें. २००४ मध्यें प्रसिद्ध झालेलें ‘७.९’ हें असें आंखून बनविलेलें द्रव्य. सांध्यापूर्वीं सात कार्बन आणि नंतर नऊ, एवढाच त्या नांवाचा अर्थ. त्याची क्युबिक अवस्था सुमारें ६ अंशांपर्यंत टिकते.

त्याचेंच धाकटें भावंड ‘७.७’. त्याची साखळी आंखूड, म्हणून पटल पातळ आणि पाण्याच्या वाटा रुंद. या रुंदीचा उपयोग २०११ मध्यें झाला. ब्रायन कोबिल्का यांना अड्रेनॅलिनचा निरोप घेणारें प्रथिन, तो निरोप पुढें नेणाऱ्या जी-प्रथिनासह, एकाच स्फटिकांत पकडावयाचें होतें. निरोप घेणारें प्रथिन एकटें २००७ मध्यें मोनोओलीन व कोलेस्टेरॉल यांच्या मिश्रणांत साधलें होतें. परंतु जी-प्रथिनाचा सगळा बोजा पटलाबाहेर, पाण्यांत असतो, आणि त्याला मोनोओलीनच्या वाटा अरुंद. ७.७ मध्यें तो मावला. पुढील वर्षीं कोबिल्का व रॉबर्ट लेफ्कोविट्झ यांना नोबेल पारितोषिक मिळालें. स्निग्ध घडविणाऱ्यांचीं नांवें अशा प्रसंगीं वृत्तपत्रांत क्वचितच येतात. याचें आम्हांस वाईट वाटतें, नवल मात्र वाटत नाहीं.

अतिशीत इलेक्ट्रॉन-सूक्ष्मदर्शकामुळें, ज्याच्या प्रवर्तकांना २०१७ चें पारितोषिक मिळालें, आतां स्फटिकावांचूनहि पुष्कळ काम भागतें. पण ७.९ ची एक गोष्ट सांगितल्यावांचून राहवत नाहीं. कॅलिफोर्नियांतील स्लॅक प्रयोगशाळेंत क्षकिरणांच्या लेसरपुढें अतिसूक्ष्म स्फटिकांनीं भरलेल्या लगद्याची बारीक धार निर्वातांत सोडण्यांत आली. त्या प्रयोगांचें पहिलें फळ २०१३ मध्यें प्रसिद्ध झालें. निर्वातांत पाणी उडून जातांच धार गार होई आणि मोनोओलीन थिजे. त्यांत थोडें ७.९ मिसळलें, आणि धार वाहती राहिली.