नटांची आत्मचरित्रे : इतिहासाचे साधन म्हणून वाचन

प्रस्तावना

स्थापत्य अभियंत्याने बांधलेला पूल त्याच्या मागे उरतो. रंगभूमीवरच्या नटाचे काम मात्र पडदा पडला की संपते. राम गणेश गडकऱ्यांच्या निधनानंतर रंगभूमीवर आलेल्या ‘एकच प्याला’ या नाटकात गणपतराव बोडस सुधाकर आणि बालगंधर्व सिंधू करीत. तो प्रयोग आज कोणत्याही फितीवर पाहता येत नाही. त्याच्या शोधासाठी आपल्याकडे नाटकाची संहिता, वर्तमानपत्रांतील परीक्षणे, जाहिराती, छायाचित्रे आणि नटांनी स्वतः लिहिलेली पुस्तके एवढीच साधने असतात.

यांपैकी शेवटच्या साधनाचा विचार या पाठात करू. मराठीत नटांच्या आत्मचरित्रांची मोठी परंपरा आहे. अभिनयाच्या कसबावरची स्वतंत्र पुस्तके त्या मानाने थोडी आहेत. त्यामुळे कसबाचे बरेचसे ज्ञान आत्मचरित्रांतच साठले आहे. ते सर्वांच्या पुस्तकांत सारख्याच दृष्टीने शोधले जाते का, हा आपला मुख्य प्रश्न.

१. कसबाचे पुस्तक आणि जीवनकथा

भारतात अभिनयाचे शास्त्र जुने आहे. भरताच्या नाट्यशास्त्रात आंगिक, वाचिक, आहार्य आणि सात्त्विक असे अभिनयाचे चार प्रकार सांगितले आहेत. परंतु एखाद्या नटाने स्वतःच्या तालमीतून काय शिकलो ते लिहून ठेवावे, ही पद्धत आधुनिक काळातली.

या पद्धतीचे सर्वांत गाजलेले उदाहरण रशियाचे. मॉस्को आर्ट थिएटरचे सहसंस्थापक कॉन्स्तांतीन स्तानिस्लावस्की यांनी आधी ‘माय लाइफ इन आर्ट’ (१९२४) ही आत्मकथा प्रसिद्ध केली. ‘अॅन अॅक्टर प्रिपेअर्स’ (१९३६) हे अभिनयशिक्षणाचे पुस्तक त्यानंतरचे. दुसरे पुस्तकही सूत्रांच्या यादीसारखे लिहिलेले नाही. ती कोस्त्या नावाच्या एका काल्पनिक विद्यार्थ्याची रोजनिशी आहे. अभिनय शिकवायचा तर कोणाला काय अडले आणि ते कसे सुटले हे सांगावे लागते, आणि ते सांगताना जीवनकथेचे रूप आपोआप येते. मराठीत स्तानिस्लावस्कींचा विचार आणण्याचे मोठे काम के. नारायण काळे यांनी केले.

२. नाटक मंडळ्यांतील नटांची पुस्तके

गणपतराव बोडस (१८८०–१९६५) किर्लोस्कर नाटक मंडळीत वाढले. १९१३ मध्ये बालगंधर्व आणि गोविंदराव टेंबे यांच्यासह ते बाहेर पडले आणि गंधर्व नाटक मंडळी उभी राहिली. ‘संशयकल्लोळ’मधला त्यांचा फाल्गुनराव प्रसिद्ध होता. त्यांच्या आत्मचरित्राचे नाव ‘माझी भूमिका’. नटाच्या लेखी ‘भूमिका’ म्हणजे रंगमंचावरचे पात्र आणि एखाद्या प्रश्नावरची बाजूसुद्धा. नावातच दोन्ही अर्थ आले.

चिंतामणराव कोल्हटकर (१८९१–१९५९) हे मास्टर दीनानाथ यांच्यासह १९१८ साली सुरू झालेल्या बळवंत संगीत मंडळीचे एक चालक. त्यांच्या ‘बहुरूपी’ या आत्मचरित्राला १९५८ सालचा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. एका नटाच्या आठवणींना साहित्याचा राष्ट्रीय सन्मान मिळाला, ही गोष्ट नोंद घेण्याजोगी आहे.

पुढच्या पिढीत डॉ. श्रीराम लागू हे कान-नाक-घशाचे शल्यविशारद होते. १९६९ साली त्यांनी वैद्यकी सोडून पूर्णवेळ नट व्हायचे ठरवले. १९७० साली ‘नटसम्राट’मधला गणपतराव बेलवलकर त्यांनी साकारला. त्यांनी दोन्ही प्रकारची पुस्तके लिहिली : ‘लमाण’ हे आत्मचरित्र आणि ‘वाचिक अभिनय’ हे कसबाचे पुस्तक. लमाण म्हणजे एका गावचा माल दुसऱ्या गावी पोचवणारा. नट हा नाटककाराचा माल प्रेक्षकांपर्यंत वाहून नेणारा माणूस, ही लागूंची कल्पना.

या तिघांकडे वाचक ‘जाणकार’ म्हणून पाहतात. त्यांच्या पुस्तकांतून तालीम, आवाज, मंडळीचा कारभार असे तपशील अभ्यासक उचलतात.

३. अभिनेत्रींची पुस्तके

आता दुसरी बाजू पाहा. हंसा वाडकर (मूळ नाव रतन साळगावकर) यांनी ‘विजयाची लग्ने’ (१९३६) या चित्रपटापासून सुरुवात केली, तेव्हा त्या लहान मुलगी होत्या. ‘संत सखू’ (१९४१), ‘लोकशाहीर राम जोशी’ (१९४७) आणि अनंत माने यांचा ‘सांगत्ये ऐका’ (१९५९) हे त्यांचे गाजलेले चित्रपट. शेवटच्या चित्रपटाचेच नाव त्यांनी आपल्या आत्मकथनाला दिले. त्यांनी सांगितले आणि अरुण साधू यांनी शब्दांकन केले. ते आधी ‘माणूस’मधून आणि १९७० मध्ये पुस्तकरूपाने आले. पुढच्याच वर्षी हंसाबाई वारल्या. या पुस्तकावरून प्रेरणा घेऊन श्याम बेनेगल यांनी ‘भूमिका’ (१९७७) काढला आणि त्यासाठी स्मिता पाटील यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

मी शिकवतो ते बस्सी गाव जयपूर जिल्ह्यात आहे. हंसाबाईंचे पुस्तक देशभराच्या वाचकांपर्यंत नेण्यात जयपूरचाही वाटा आहे. राजस्थान विद्यापीठात इंग्रजी शिकवणाऱ्या जसबीर जैन यांनी शोभा शिंदे यांच्यासह त्याचा इंग्रजी अनुवाद केला, तो २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. मराठी न येणाऱ्या तुमच्या मित्रांना तो सुचवा.

हे पुस्तक बहुधा दुःखकथा म्हणून वाचले जाते. लहानपणी कामाला जुंपणे, मोडलेला संसार, दारू एवढेच लोकांच्या लक्षात राहते. पण त्याच पानांत घर चालवणाऱ्या एका कामकरी मुलीची हकीकत आहे. कमाई कोणाच्या हाती जात होती, काम थांबवायचे की नाही हे कोण ठरवत होते, हेही त्यातून कळते. भारतीय चित्रपटउद्योग कोणाच्या श्रमावर उभा राहिला, याचा तो पुरावा आहे.

शांता आपटे यांनी हीच गोष्ट आधीच स्पष्ट मांडली होती. ‘कुंकू’ (१९३७) मधली ही नायिका १९३९ साली पुण्यात प्रभात स्टुडिओच्या फाटकाशी उपोषणाला बसली. पुढच्या वर्षी त्यांचे ‘जाऊ मी सिनेमात?’ हे पुस्तक आले. चित्रपटात येऊ पाहणाऱ्या मुलींना त्यात या धंद्याचे आर्थिक वास्तव सांगितले आहे. आत्मचरित्र आणि कसबाचे पुस्तक यांखेरीज हा तिसरा प्रकार झाला : कामाच्या अटींचे पुस्तक.

दुर्गाबाई खोटे यांची वाट वेगळी होती. सुशिक्षित, प्रतिष्ठित घरातली ही स्त्री ‘अयोध्येचा राजा’ (१९३२) मध्ये तारामती झाली. ‘मी, दुर्गा खोटे’ (१९८२) त्यांनी स्वतः लिहिले. हंसाबाईंचे सांगितलेले आणि दुर्गाबाईंचे लिहिलेले पुस्तक शेजारी ठेवून वाचा. शिक्षण आणि घराणे यांमुळे तोच व्यवसाय किती निराळा वाट्याला येतो, ते दिसेल.

ही गोष्ट केवळ महाराष्ट्राची नाही. बंगालमध्ये विनोदिनी दासी यांनी ‘आमार कथा’ (१९१२) लिहिली. कलकत्त्याचे स्टार थिएटर उभे राहण्यासाठी त्यांनी मोठी किंमत मोजली. त्या थिएटरला त्यांचे नाव देण्याचे आश्वासन होते, ते पाळले गेले नाही. तक्रार नोंदवायला त्यांच्याकडे एकच जागा होती : स्वतःचे पुस्तक.

विजया मेहता यांचे ‘झिम्मा’ (२०१२) मात्र प्रामुख्याने कामाचे पुस्तक म्हणूनच वाचले जाते. पण विजयाबाई दिग्दर्शिका आणि शिक्षिकाही होत्या. केवळ अभिनेत्री असलेल्या स्त्रीला ‘जाणकार’ मानायला आपण अजूनही कचरतो.

४. ही पुस्तके कशी वाचावीत?

आत्मचरित्र हे साधन आहे, पण ते तपासून घ्यावे लागते. तीन प्रश्न जवळ ठेवा.

पहिला : लिहिले कोणी? शब्दांकन असेल तर वाक्यरचना, क्रम आणि निवड यांत दुसऱ्याचा हात असतो.

दुसरा : घटना आणि लेखन यांत अंतर किती? ‘अयोध्येचा राजा’ आणि ‘मी, दुर्गा खोटे’ यांत पन्नास वर्षे आहेत. इतक्या काळात आठवण बदलते. तारखा जाहिरातींशी, श्रेयनामावलीशी, तत्कालीन नियतकालिकांशी ताडून पाहा.

तिसरा : पैसा, वेळ आणि तालीम यांबद्दल काय म्हटले आहे? प्रेमप्रकरणांपेक्षा हे तपशील अधिक विश्वासार्ह असतील असे नाही, पण कामाचा इतिहास त्यांतूनच लिहिता येतो. बोडसांच्या पुस्तकाला आपण हा प्रश्न सहज विचारतो. हंसाबाईंच्या पुस्तकालाही तोच विचारला पाहिजे.

समारोप

नटांच्या पुस्तकांत जीवन आणि कसब वेगळे काढता येत नाही. तरीही वाचकांनी वाटणी केली : पुरुषांच्या पुस्तकांतून कला घेतली आणि स्त्रियांच्या पुस्तकांतून दुःख. ही वाटणी पुस्तकांत नव्हती, ती वाचण्याच्या सवयीत आहे. ती बदलायला नव्या कागदपत्रांची गरज नाही. ग्रंथालयात आहेत तीच पुस्तके पुन्हा उघडायची आहेत.

स्वाध्याय

१. तुमच्या भाषेतील एका नटाचे आणि एका अभिनेत्रीचे आत्मचरित्र निवडा. दोन्हींतून फक्त कामाविषयीचे उल्लेख काढून तक्ता तयार करा.
२. शब्दांकित आत्मकथनाला ‘आत्मचरित्र’ म्हणावे का? दोन्ही बाजू मांडा.
३. तुमच्या गावातील रामलीला, तमाशा, ख्याल किंवा हौशी नाटकात काम केलेल्या ज्येष्ठ व्यक्तीशी बोला. त्यांच्या परवानगीने तालीम आणि मोबदला यांविषयीची माहिती त्यांच्याच शब्दांत लिहून घ्या.